पाचव्या पावलावर पडलेला बाप

रंगनाथ मुकादमाने मला आयुष्यात दोनदा मारलं आणि दोन्ही वेळा चूक त्याची होती. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तिसरी बसली असती. आता मारणारा राहिला नाही, म्हणून बिनधास्त सांगतो.

मी जाफराबादच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढतो, मी वजन सांगतो, हमाल तो उचलून थप्पीला किंवा ट्रकात नेतात. तीस-बत्तीस वर्षं हेच करून राहिलोय. त्या सगळ्या वर्षांत माझ्या काट्याच्या पलीकडे रंगनाथ उभा होता. आधी साधा हमाल म्हणून, मग चौदा जणांच्या टोळीचा मुकादम म्हणून. मान अशी नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. बोलणं कमी. कुणी कुरकुर केली, ऊन लागतंय म्हणाला, बायको आजारी आहे म्हणाला, तरी त्याचं उत्तर ठरलेलं: "बोलू नको, उचल." स्वतःच्या पोरीच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं लांबवायला लागला तेव्हा हा मांडवातून तेच ओरडला होता.

मारायची त्याची एक रीत होती. आधी मनगटावरचं घड्याळ काढायचा आणि जवळ जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचा. ज्याच्या हातात घड्याळ आलं तो सुटला म्हणायचा, कारण आता मार दुसऱ्याला. एकदा एका ट्रक ड्रायव्हरने दाणे झाडणाऱ्या म्हातारीला लाथ मारली. रंगनाथने घड्याळ माझ्या हातात दिलं, ड्रायव्हरला कंबरेला धरून उचललं आणि त्याच्याच ट्रकात, सोयाबीनच्या पोत्यांवर, वरून खाली आपटलं. दोनदा. ड्रायव्हरचा खुबा सरकला. पोलीस आले तेव्हा हा जबाबात म्हणतो, "माल चढवत होतो साहेब, हातातून निसटला." हवालदारालाही हसू आवरेना.

मला पहिली बसली ती काट्यावरून. एका पोत्याचं वजन मी वाचलं, त्याला ते जास्त वाटलं. व्यापाऱ्याला फसवतो का म्हणाला आणि त्या दिवशी घड्याळ काढायलाही विसरला. माझा कान तीन दिवस वाजत होता. नंतर कळलं की काट्याच्या पाट्यावर त्याचाच पाय होता. माफी? छे! दुसऱ्या दिवशी गुळाची अख्खी भेली आणून माझ्या टेबलावर आदळली. "खा," म्हणाला. बायकोने त्या गुळाच्या पोळ्या संक्रांतीपर्यंत पुरवल्या.

असा माणूस. पण एका वैशाखात पोखरी गावच्या एका हमालाचा फळीवरून पडून पाय मोडला, तेव्हा जीपची वाट न बघता त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळाला तोही हाच. लोक भ्यायचे त्याला आणि त्याच्याच टोळीत घुसायला धडपडायचेही. मला विचाराल तर मीही भ्यायचो. आणि चार दिवस तो दिसला नाही की करमायचं नाही, हेही खरंच.

आता तुळशीराम हमालाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या मोंढ्यात क्विंटलाचं पोतं एकटा माणूस पाठीवर घेत नाही. दोघं जण ते उचलून देतात, त्यातला जुना माणूस "घे" म्हणतो आणि मग वाहणारा चालायला लागतो. हमालांचा एक जुना कायदा आहे. पहिल्या सात पावलांत माणूस पडला तर दोष देणाऱ्याचा, पोतं वाकडं दिलं, घाईनं दिलं. सातच्या पुढे पडला तर ज्याचं नशीब त्याचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण यावर मोंढ्यात भांडणं मिटायची आणि पेटायचीही.

रंगनाथचा बाप पाचव्या पावलावर पडला. मी तेव्हा नवीनच लागलो होतो, काट्याशी उभा होतो. मुगाचं पोतं. तुळशीरामने "घे" म्हटलं, म्हातारा, म्हणजे तेव्हा शेहेचाळीसचाच असेल, पाच पावलं गेला, गुडघ्यावर बसला आणि पोत्यासकट तोंडावर पडला. पोतं ओढून काढलं तेव्हा जीव नव्हता. कुणीतरी पावलं मोजली. पाच. सगळ्यांनी तुळशीरामकडे बघितलं.

रंगनाथ अठरा वर्षांचा होता. तो आला, बापाकडे एकदा बघितलं, माझ्या काट्याजवळचं दहा किलोचं लोखंडी माप उचललं आणि तुळशीरामचा उजवा हात ओट्यावर दाबून त्यावर घातलं. एकदा नाही. हाडाचा आवाज मला आजही ऐकू येतो, खोटं सांगत नाही. कुणीही मध्ये पडलं नाही. मीही नाही पडलो. माप माझं होतं, मी नुसता बघत राहिलो, याची लाज मला आजही वाटते.

तुळशीराम पोलिसांत गेला नाही. हात वाकडाच जुळला, बोटं आत वळली, हमाली संपली. मोंढ्याच्या गेटाशी टोपलीत फुटाणे, शेंगदाणे घेऊन बसायला लागला. आणि दरवर्षी पितृपाटात बापाच्या तिथीला रंगनाथ घरचं श्राद्ध उरकून यायचा, गेटाशी थांबायचा आणि लाथेने तुळशीरामची टोपली उडवायचा. मग कामाला लागायचा. एकतीस वर्षं! तुळशीरामही असा, की त्या दिवशी टोपलीत माल थोडाच आणायचा. दाणे उडाले की डाव्या हाताने एकेक वेचत बसायचा. नवीन माणसाला वाटायचं काय हा जुलूम. जुन्यांना त्यात काही वाटायचंच नाही. पावलं पाचच होती ना?

गेल्या उन्हाळ्यात हरभऱ्याची आवक सरत आली तेव्हा मोंढ्याच्या शेडमध्ये तपासणी शिबिर लागलं. हृदयाची पट्टी काढणार, रक्त बघणार, सगळं फुकट. टोळीतला एकही जण जाईना. मीच रंगनाथला म्हणालो, "तू गेलास तर बाकीचे येतील." तो म्हणाला, "पोतं उचलतंय तोवर सगळं बराबर असतं." त्याची तीच तपासणी होती. सकाळचं पहिलं पोतं पाठीवर आलं आणि गुडघे हलले नाहीत, की पास. शेवटी टोळीपुढे भ्याला असं दिसू नये म्हणून गेला. सोबत मला ओढलं.

डॉक्टरीण पोरगीच होती, पण धीट. पट्टी बघितली, ब्लड प्रेशर दोनदा घेतलं, मग खुर्ची पुढे ओढली.

"काका, घरात कुणाला हृदयाचा त्रास होता? वडील आहेत?"

"न्हाईत."

"कशानं गेले?"

"पोत्यानं," रंगनाथ म्हणाला. जसं कुणी तापाने गेला म्हणावं तसं.

ती चक्रावली. मग मी सगळं सांगितलं, माझं तोंड कुठं गप्प बसतंय! ती ऐकत होती. तिने विचारलं, "पडायच्या आधी काही होत होतं का त्यांना? घाम, छातीत, हातात, जबड्यात दुखणं?"

"काहीच न्हाई," रंगनाथ म्हणाला.

आणि मला आठवलं. खरंच त्या क्षणीच आठवलं. मी म्हणालो, "न्हाई कसं? सकाळपासून जबडा चोळत बसले होते की. शिळं खाल्लं म्हणत होते. सोडा आणायला तूच गेल्तास, रंगनाथ."

तो माझ्याकडे बघत राहिला. डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "इतक्या वर्षांनी छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. पण मला तो हार्ट अटॅकच वाटतो. पोत्यानं नाही गेले ते. आणि काका, तुमच्या पट्टीतही तेच दिसायला लागलंय. रक्तवाहिन्या बघून घ्यायला संभाजीनगरला जायलाच हवं. लवकर. तोवर उचलायचं बंद, आणि या गोळ्या आजपासून..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. रंगनाथने टेबल उलटं केलं. मशीन, पट्ट्या, बाटल्या, सगळं फरशीवर. पडद्याचा पाइप उपटला आणि शेडच्या पत्र्यावर हाणत सुटला. पोरगी भिंतीला चिकटली. मी "अरे, अरे" करत मध्ये गेलो आणि मला दुसरी बसली. दात हलला. तो माझ्या छातीवर बसून गुरासारखा ओरडत होता, "सोड्याचं काहून बोलला तू? काहून बोलला?" सहा जणांनी ओढून काढला त्याला.

लोक म्हणाले, मरणाला भ्याला मुकादम. मीही आधी तसंच समजलो.

त्यानंतर तो पिसाळला. गोळ्या बायकोने, शांताबाईने, हातावर ठेवल्या की तो म्हशीच्या दावणीत फेकायचा. तिने एकदा भाकरीत कुस्करून दिल्या तर ताट भिंतीवर मारलं. मोंढ्यात रोज कुणाला ना कुणाला मार. टोळीतल्या दोघांनी काम सोडलं. आणि स्वतः उचलायचा, इतकं उचलायचा की बघवत नव्हतं. एका दुपारी अख्खा ट्रक एकट्याने भरला. देणारे दमले, हा थांबेना. "दे! दे!" ओरडत होता. शेवटचं पोतं टाकून उतरला आणि सगळ्यांकडे बघून छाती ठोकली. "दावा त्या डॉक्टरणीला!"

थोड्या वेळाने मी लघवीला थप्पीच्या मागे गेलो तर तिथं हा. भिंतीला टेकलेला, तोंड राखेसारखं, शर्ट ओकाऱ्यांनी भरलेला, डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला. मला बघताच दुसऱ्या एखाद्याने मदत मागितली असती. याने माझा गळा धरला. पकडीत जोर नव्हता, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

"कुणाला बोललास तर जीव घेईन."

"घे. पण आधी दवाखान्यात चल."

"न्हाई यायचं मला."

"काहून? मरायचं आहे का? शांतावहिनीचा तरी इचार कर!"

त्याने गळा सोडला. मग जे बोलला ते असं, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं:

"सुदाम, गोळी खाल्ली म्हंजे डॉक्टरीण खरी. डॉक्टरीण खरी म्हंजे बाप दिलाच्या दुखण्यानं मेला. मंग मी तुळश्याचा हात कशापायी मोडला? सांग ना. कशापायी मोडला मी?"

अख्खा मोंढा ज्याला घाबरायचा तो माणूस गोळीला घाबरत होता, कारण ती गिळली की तुळशीराम निर्दोष ठरत होता. मरण पत्करलं, पण हे नको, असं त्याने ठरवलं होतं. मला राग आला त्याचा. म्हणालो, "अरे गाढवा, मेलास तरी हात सरळ व्हायचा न्हाई त्याचा! मरून काय मिळवतो? जिवंत राहून त्याला सांग की एकदा, माझं चुकलं म्हणून."

"बोलू नको," तो म्हणाला. "उचल" पुढे आलंच नाही.

त्यानंतर पावसाळाभर तो शांत होता. मारणं थांबलं, पण दवाखाना नाहीच. जिना चढताना थांबायचा. मूग-उडीद यायला लागला तसा टोळीला कामाला लावून स्वतः नुसता उभा राहायचा. लोकांना वाटलं निवळला. मला दिसत होतं की तो आतल्या आत मारामारी करून राहिलाय.

मग पितृपाट आलं. तिथीच्या दिवशी सकाळी हर्राशीच्या, म्हणजे मालाच्या लिलावाच्या, आधीच गेटाशी माणसं रेंगाळायला लागली होती. दरसालचा तमाशा, बघायचा असतो ना लोकांना! तुळशीराम बसला होता, टोपलीत मूठ-दोन मूठ फुटाणे. रंगनाथ आला, कपाळाला गंध, अंगात धुतलेला सदरा. तुळशीरामने नेहमीसारखे पाय बाजूला घेतले, टोपली जरा पुढे सरकवली, त्याला लाथ घालायला सोपं जावं म्हणून.

रंगनाथने लाथ मारली नाही. तो खाली बसला. धुळीत, त्याच्यासमोर.

"तुळशीरामकाका," तो म्हणाला. काका! एकतीस वर्षांत त्याच्या तोंडून मी तुळश्याशिवाय दुसरं ऐकलं नव्हतं. "माहा बाप तुह्या हातानं न्हाई मेला. त्याचं दिल खराब होतं. पोतं द्यायच्या आधीपासूनच मरून राह्यला होता तो. डॉक्टरणीनं सांगितलं. माहंही तेच हाय. मी तुहा हात फुकट मोडला."

मोठ्याने बोलला. सगळ्यांना ऐकू जावं असंच.

तुळशीरामने कान पुढे केला. सत्तरीचा माणूस, डोळ्यांत फूल पडलेलं. मग म्हणाला, "काय म्हणलास? पुन्हा म्हण."

रंगनाथ पुन्हा म्हणाला.

"माह्या हातानं न्हाई?"

"न्हाई."

"मी... मी पोतं वाकडं न्हाई दिलं?"

"न्हाई, काका."

आणि म्हातारा ओरडायला लागला. "पोलिसात काहून गेलो न्हाई मी, ठावं हाय का तुला? मला वाटलं बराबर केलं पोरानं! मी मारला त्याचा बाप, आता हात गेला तर गेला! एकतीस वर्षं, रंग्या, एकतीस वर्षं मी तेच पोतं देऊन राह्यलो. घे म्हणलो तव्हा जल्दी झाली का, पोत्याचा कान नीट धरला होता का... रोज! रोज देतो मी ते पोतं! बायको मेली तव्हा म्हणलो, बरं झालं, मला हीच सजा पाहिजे! पोरगी दिली न्हाई कुणी माह्या पोराला, म्हणलो, बराबरच हाय! आन् तू आज सांगतो?"

आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. तो लाथ खायचा ती भीतीने खायचा असं आम्हाला वाटायचं. तो ती आपली सजा समजून खात होता.

पुढचं एका दमात झालं. तुळशीरामने टोपली उचलून रंगनाथच्या तोंडावर हाणली. बांबूने कपाळ फाटलं. मग तराजूचं पारडं. मग चप्पल. मग नुसता तो वाकडा हात, आत वळलेल्या बोटांचा, गाठ झालेला, तोंडावर, मानेवर, छातीवर, जिथं बसेल तिथं. रडत होता, शिव्या देत होता, लाळ गळत होती. "माहं आयुष्य दे! दे माहं!" टोळीतली पोरं धावली तर रंगनाथने रक्ताळलेल्या तोंडाने डरकाळी फोडली, "कुणी मधी यायचं न्हाई! खबरदार!" हात मांडीवर ठेवून तो मार खात राहिला. त्या माणसाला मार खाताना बघणं मारताना बघण्यापेक्षा कठीण होतं. मी ओरडत होतो, "बस करा काका, त्याचं काळीज कमजोर हाय, मरंल तो!" कोण ऐकतंय!

तुळशीरामचा दम सुटला तेव्हा थांबला. रंगनाथ उठायला गेला आणि त्याला उठता येईना. घामाने निथळत होता, डावा हात दाबला होता. तरी माझ्याकडे बघून म्हणतो, "चल. आता चल दवाखान्यात." जसं काही मीच इतके दिवस नको म्हणत होतो.

गेटाशी काळी-पिवळी जीप उभी होती, माणसं उतरवून त्याला आत घातलं, थेट संभाजीनगरला न्यायचं ठरलं. शांताबाईला मोटरसायकलवरून आणलं, ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. टोळीतले दोघं चढले. मला जागा उरली नाही, मी दाराला धरून उभा. तो डोळे मिटून होता. ओठांच्या कडेला रक्त आणि फुटाण्याचं एक टरफल चिकटलं होतं, ते मी पुसलं.

जीप सुरू झाली तेव्हा मागून तुळशीराम आला. एकाच पायात चप्पल, धापा टाकत, हातात तुटकी टोपली. जीपच्या पत्र्यावर हात आपटला आणि आत तोंड घालून ओरडला, "मरू नको, हरामखोरा! ऐकलं का? माहं अजून झालं न्हाई! लय बाकी हाय माहं, मरायचं न्हाई!"

रंगनाथने डोळे उघडले. आधी तुळशीराम कुठं आहे ते शोधलं, मग सापडला तसा त्याच्यावर डोळे लावले.

"थांब हितंच, काका," तो म्हणाला. "येतो."

वाटेत भोकरदनच्या अलीकडे, उड्या मारत जाणाऱ्या जीपमध्ये, बायकोच्या मांडीवर रंगनाथ गेला. फोन मला आला. हर्राशी केव्हाच आटोपली होती, मोंढा रिकामा होता. मी गेटाशी गेलो तेव्हा तुळशीराम रस्त्याच्या कडेला उभाच होता, भोकरदनच्या बाजूला तोंड करून. त्याला कसं सांगावं ते मला सुचेना, म्हणून मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.